सतरा नंबरचा फॉर्म

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे नेमके काय, हे मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळले. तोवर हा शब्द केवळ कानावरून गेला होता. 'अमक्याचा मुलगा सतरा नंबरने बसला' असे कुणी म्हणाले की त्या मुलाचे काहीतरी बिनसले असावे, एवढाच अर्थ मी मनाशी घेत असे. सप्टेंबर २०२३ मध्ये एके दिवशी सायंकाळच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी सभागृहाच्या दाराशी उभी राहिली. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत दहावीची पुस्तके. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीच्या परीक्षेस बसावयाचे असल्यास राज्य मंडळाकडे जो अर्ज करावा लागतो, तो हा सतरा नंबरचा फॉर्म. पूर्वी तो कागदावर भरीत, आता संगणकावर भरतात, परंतु नाव मात्र तेच राहिले आहे. कोल्हापूर विभागीय मंडळाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. या तिन्ही जिल्ह्यांत दर वर्षी हा अर्ज भरणारी माणसे असतात. कुणी फौंड्रीत काम करणारा, कुणी लग्नामुळे शाळा सुटलेली, कुणी एखाद्या कचेरीत शिपाई म्हणून वर्षे काढलेला.

ती एकोणचाळीस वर्षांची. शिवणकाम करते. पती एका कारखान्यात कामाला, दोन मुले, मोठी मुलगी महाविद्यालयात. शहरातील एका संस्थेच्या शिवणवर्गात ती काही वर्षे मदतनीस म्हणून जात होती. तेथे शिक्षिकेची जागा निघाली तेव्हा काम तिचेच सर्वांना पसंत होते, पण अट दहावी उत्तीर्णाची होती. ज्या मुलींना तिने कात्री धरायला शिकवले त्यांच्यापैकी एकीची नेमणूक झाली. पुन्हा जागा निघेल तेव्हा कागद हाती असावा म्हणून ती आली होती.

अर्जासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तिचा दाखला ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गेला. पंचगंगेचे पाणी जयंती नाल्यातून मागे सरकत घरात शिरले तेव्हा तिने शिलाई मशीन माळ्यावर चढवले होते. कागदांची पत्र्याची पेटी खालीच राहिली. दाखल्याची दुसरी प्रत, प्रतिज्ञापत्र, आधार कार्ड, छायाचित्र, संपर्क केंद्र म्हणून नेमून दिलेल्या शाळेत खेटे, या सर्वांत महिना गेला. त्यात मी तिला माझ्या परीने मदत केली. अशी मदत करताना मला बरे वाटते, हे कबूल करतो. अर्ज भरून झाला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकून म्हणालो, "आता अभ्यासाला लाग. एखादी शिकवणी पाहून देऊ."

ती म्हणाली, "बाकीचं माझी पोरगी घेईल. गणित तुम्ही शिकवायचं."

"अगं, मला कुठे गणित येतंय?"

"ते मला म्हाईत न्हाई. तुम्हीच माझी शाळा सोडवलीसा, आता तुम्हीच शिकवा."

मला काही आठवेना. तिनेच सांगितले. १९९९ साली मी याच धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो; दीक्षा मिळून दोनच वर्षे झाली होती. ती नववीत गणितात नापास झाली होती. तिची आई तिला घेऊन माझ्याकडे आली होती. मी म्हणालो होतो, गणित हिच्या डोक्यात जायचे नाही, उगाच पोरीला त्रास देऊ नका, शिवण शिकवा, पायावर उभी राहील. एवढे बोलून मी थांबलो नाही. धर्मग्रामाच्या निधीतून तिला शिलाई मशीन मिळवून दिले.

मशीन मला आठवत होते! गेल्या पंचवीस वर्षांत मी निदान तीन-चार प्रवचनांत त्या मशीनचा दाखला दिला असेल. गरीब घरातील एका मुलीला आपण उभे केले, याचे समाधान मी इतकी वर्षे जवळ बाळगले होते. त्या मशीनच्या आधी उच्चारलेले वाक्य मात्र मनातून पुसून गेले होते. तिच्या मनातून ते गेले नव्हते. ती हे सांगताना रागावली नव्हती. कोल्हापूरच्या माणसाप्रमाणे सरळ बोलली आणि पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवले.

ज्या नगरीत छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंडाची तरतूद केली, त्या नगरीत मी एका वाक्यात एका मुलीची शाळा बंद केली होती. त्या वेळी मला दंड करणारे कुणी नव्हते. उलट मुलीच्या आईने माझे हात हाती घेऊन आभार मानले होते, असे आता आठवते. अर्थात आता जे आठवते ते कितपत खरे धरावे, याचीही मला शंका वाटते.

माझ्या स्वतःच्या गणिताविषयी सांगितले पाहिजे. मी दहावीला कसाबसा उत्तीर्ण झालो आणि सेमिनरीत दाखल होताना ज्या गोष्टींपासून आपली सुटका झाली असे मनोमन मानले, त्यांत गणित होते. तत्त्वज्ञानाच्या वर्षांत ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र आम्ही आवडीने शिकलो. संविधानातून निष्कर्ष कसा निघतो, आधारविधान कोठे लंगडे पडते, यावर तासन् तास वाद घातले. तोच माणूस समीकरण दिसले की पान उलटीत असे. आम्हाला चर्चचा इतिहास शिकवताना ख्रिस्तोफर क्लाव्हियस या येशूसंघीय धर्मगुरूचे नाव आले होते. १५८२ च्या ग्रेगरियन पंचांगाची गणिते त्याने सांभाळली, युक्लिडवर १५७४ साली भाष्य लिहिले आणि येशूसंघाच्या विद्यालयांत गणिताला मानाचे स्थान मिळावे म्हणून आयुष्यभर खटपट केली. ईस्टरची तारीख ज्याच्या हिशेबामुळे ठरते त्याचे नाव परीक्षेपुरते पाठ करून मी मोकळा झालो होतो.

तर अशा माणसाने पुस्तक उघडले. आताचे दहावीचे गणित दोन भागांत आहे. पहिल्या भागात बीजगणित, दुसऱ्यात भूमिती. प्रत्येकी चाळीस गुणांची व दोन तासांची उत्तरपत्रिका. पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणे. पुढे वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, वस्तू व सेवा कर आणि शेअर यांची माहिती देणारे अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. रोज दुपारी तिच्या आधी दोन तास मी ते वाचू लागलो. आमच्या धर्मग्रामात गणिताचे एक निवृत्त शिक्षक आहेत. आठवड्यातून दोनदा मी त्यांच्या घरी जाऊन बसू लागलो. प्रवचनाची तयारी इतक्या भीतीने मी कधी केली नव्हती.

पहिल्या आठवड्यातच अडलो. 'क्ष अधिक सात बरोबर बारा' यात सात उजवीकडे नेले की उणे होतात, हे मी फळ्यावर लिहून दाखवले.

"का होतात?"

"बाजू बदलली की चिन्ह बदलते. नियमच आहे."

"पण का?"

मी क्षणभर गप्प झालो. धर्मशिक्षणाच्या वर्गात अशा वेळी 'हे रहस्य आहे' असे म्हणून सुटण्याची सोय असते आणि पवित्र त्रैक्याच्या बाबतीत ते खरेही आहे. येथे रहस्य नव्हते, माझे अज्ञान होते. चाळीस वर्षे हा नियम मी मंत्रासारखा बाळगला होता आणि त्याचा अर्थ कधी विचारला नव्हता. बहुधा नववीत तिने हेच विचारले असेल आणि तिला हेच उत्तर मिळाले असेल.

निवृत्त गुरुजी हसले. म्हणाले, "बाजू कोण बदलतंय? सात कुठे जात नाहीत. तराजू बघितलाय ना? गुळाच्या अड्ड्यावर जा. दोन्ही पारडी समान आहेत. डाव्यातून सात काढले तर उजव्यातूनही सात काढावे लागतील, नाहीतर दांडी वाकडी होईल. उजवीकडे जे उणे सात दिसतात ते हे काढलेले सात." दुसऱ्या दिवशी मी हे जसेच्या तसे तिला सांगितले. तिने वहीत तराजू काढला. पुढचे पंधरा दिवस प्रत्येक उदाहरणाच्या शेजारी तिच्या वहीत एक लहानसा तराजू असे.

याच सुमारास माझ्याकडून पुन्हा एक चूक झाली, आणि ती पहिलीपेक्षा अधिक गोड होती. मी तिला एक उदाहरण रचून घातले: दोन मोठे व तीन लहान गणवेश शिवण्यास बारा मीटर कापड लागते, दोन मोठे व एक लहान शिवण्यास आठ मीटर, तर प्रत्येकी किती? मी क्ष आणि य मांडण्यासाठी खडू उचलला तोच ती म्हणाली, "लहानाला दोन, मोठ्याला तीन." कसे, असे विचारले तेव्हा म्हणाली, "मोठे दोन्हीकडं सारखेच. दोन लहान वाढले तर चार मीटर वाढलं." हीच ती लोप करण्याची रीत, जी पुस्तकात तीन पाने व्यापते. मी हर्षभरित झालो. मग महत्त्वमापनाचे प्रकरण उघडून वर्तुळाचा परीघ दाखवला आणि अंब्रेला फ्रॉकची कमर कशी कापतेस असे विचारले. "कमरेचा सहावा भाग घ्यायचा आणि त्यातून पाव इंच कमी करायचं." तीस इंच कमरेला पावणेपाच इंच. मी कागदावर करून पाहिले: परिघाला दोन पायने भागले, पायची किंमत बावीस सप्तमांश धरली, तर त्रिज्या येते चार पूर्णांक सत्याहत्तर शतांश इंच. कापडाला कात्री लावताना एवढा फरक कुणाच्या लक्षात येणार नाही. मी तिला म्हणालो, "अगं, तुला गणित येतंय! पंचवीस वर्षे तू गणितच करतेस. तुझ्या हातात ते आहे."

हे बोलताना माझा गळा थोडा दाटून आला होता. हे पुढे कोठेतरी प्रवचनात सांगता येईल, असा विचारही मनात चमकून गेला, लपवीत नाही.

ती शांतपणे म्हणाली, "फादर, ते कटिंग हाय. मी कटिंग शिकायला आलेली न्हाई. कमर चोवीस असली की माझी पाव इंचाची युक्ती चुकते, म्हणून मी दोन दोन डाव मापून बघते. पुस्तकातली रीत कुठल्याही कमरेला चालतीया न्हवं? मला ती पाहिजे. आणि पेपरात पायरीला मार्क असतात. नुसतं उत्तर लिहिलं तर कोण देणार?"

चोवीस इंचांसाठी तिच्या युक्तीने पावणेचार येतात, पुस्तकाच्या रीतीने तीन पूर्णांक ब्याऐंशी शतांश. लहान मुलीच्या फ्रॉकची कमर त्यामुळे जवळजवळ अर्धा इंच तंग बसते. हे तिला अनुभवाने माहीत होते, मला नव्हते.

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. 'गणित तुझ्या डोक्यात जायचे नाही' आणि 'गणित तर तुझ्या हातात आहेच' ही दोन वाक्ये मला वेगळी वाटली होती. एक कठोर, एक कनवाळू. परंतु दोन्हींतून तिला सांगितले जाते ते एकच, की तू आहेस तेथेच बरी आहेस, हे पुस्तक तुझ्यासाठी नाही. आम्हा धर्मगुरूंना गरिबांच्या शहाणपणाचे कौतुक करण्याची फार सवय असते. ते कौतुक खोटे असते असे नाही. पण ज्याला जिन्यावर चढायचे आहे त्याला तळमजल्याचे सौंदर्य दाखवत बसणे, असा काहीसा प्रकार त्यात होतो. आणि आम्ही स्वतः तर लॅटिनपासून सारे काही पायऱ्या लिहूनच शिकलेलो असतो.

उणे संख्यांनी आमचे दोन आठवडे घेतले. तीन क्ष वजा दोन य असे काही आले की तिची तोंडी रीत थांबे, कारण उणे दोन मीटर कापड कुणी कापीत नाही. उणे गुणिले उणे अधिक, हे तर मलाही कधी पटले नव्हते. गुरुजींनी मला विचारले, "मराठीत उणे संख्येला काय म्हणतात?" ऋण संख्या. "आणि ऋण म्हणजे?" इतकी वर्षे हा शब्द तोंडात होता. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे नियम सांगितले ते धनको-ऋणकोच्याच भाषेत, हे गुरुजींकडून ऐकले. तिच्या बचत गटात दरमहा दोनशे रुपयांचा हप्ता असतो. तीन हप्ते भरायचे आहेत म्हणजे तीन वेळा उणे दोनशे, सहाशेचे ऋण. आणि गटाने तीन हप्ते माफ केले तर? ऋण तीन वेळा काढून घेतले. ती सहाशेने वर आली. "उणे तीन गुणिले उणे दोनशे," ती स्वतःच म्हणाली आणि अधिक सहाशे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग म्हणाली, "पण माफ कोण करतंय?"

गुरुजींना भास्कराचार्यांचे वेड आहे. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'तील कित्येक उदाहरणे एका मुलीला उद्देशून घातली आहेत, हे ते प्रत्येक भेटीत सांगत. ती भास्कराचार्यांची कन्या होती ही आख्यायिका असेल; पण उदाहरण सोडवणारी व्यक्ती मुलगी असू शकते हे त्या ग्रंथाने गृहीत धरले, एवढे खरे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने तेराव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याचा शिलालेख आहे. १९९९ साली मला हे ठाऊक असते तरी मी काही वेगळे बोललो असतो का, याची खात्री देता येत नाही.

मार्च २०२४ मध्ये ती परीक्षेस बसली. परीक्षा केंद्रावर तिच्या बाकाच्या पुढे-मागे मुलीच्या वयाची मुले. पर्यवेक्षिकेने तिला पालक समजून बाहेर थांबायला सांगितले, हे तिने हसत सांगितले. मे महिन्यात निकाल लागला. मराठी, हिंदी, इंग्रजी, विज्ञान, समाजशास्त्र, सर्वांत उत्तीर्ण. गणितात तेवीस.

तिने निकालाचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि काही बोलली नाही. दोष कोठे होता ते मला ठाऊक होते. बीजगणित आम्ही घासून केले होते. भूमितीच्या सिद्धता मी टाळल्या होत्या. 'त्या कठीण असतात, त्यांवाचून भागेल' असे मी तिला जानेवारीत सांगितले होते. खरे कारण हे की त्या मला येत नव्हत्या. तिसऱ्यांदा तेच! तिला काय झेपेल हे मी माझ्या भीतीच्या मापाने ठरवले होते.

पुरवणी परीक्षा जुलैत होती. जून महिना आम्ही केवळ सिद्धतांना दिला. समरूप त्रिकोण, पायथागोरसचे प्रमेय, स्पर्शिका आणि त्रिज्या, चक्रीय चौकोन. आणि येथे एक नवल घडले. भूमितीच्या सिद्धतेत प्रत्येक विधानापुढे त्याचे कारण लिहावे लागते. जी बाई पहिल्या दिवसापासून 'का' विचारीत होती तिला असा विषय मिळाला की ज्यात 'का' विचारणे हाच नियम. ती विधान लिहिण्याआधी कारण सांगू लागली. मलाही माझे सेमिनरीचे तर्कशास्त्र आठवले. क्लाव्हियसने युक्लिडसाठी एवढा आटापिटा का केला असेल हे पन्नाशी उलटल्यावर थोडेसे उमगले. एका प्रमेयात मी गृहीतकालाच निष्कर्ष म्हणून वापरले ते तिने पकडले.

एके दिवशी पाऊस थोडा उघडला तेव्हा उंची व अंतराचे उदाहरण आम्ही अंगणात केले. चौकोनी कागद कर्णावर दुमडून पंचेचाळीस अंशांचा कोन केला, आणि त्याची खालची कड आडवी धरून मी क्रुसाचे टोक कर्णाच्या रेषेत येईपर्यंत मागे सरकत गेलो. तिने गळ्यातली शिंप्याची टेप काढली. साठ इंचांची टेप सात वेळा आणि वर दोन फूट: सदतीस फूट. पंचेचाळीस अंशांना उंची आणि अंतर सारखेच असते, म्हणून मी सदतीस फूट असे मोठ्याने जाहीर केले. ती टेप गुंडाळीत म्हणाली, "फादर, तुम्ही स्वतःला विसरलासा. कागद डोळ्यापाशी धरला हुता, जमिनीवर न्हाई." माझ्या डोळ्यांपर्यंतची उंची तिने त्याच टेपने मोजली आणि बेरीज केली.

जुलैच्या परीक्षेत तिला गणितात एकेचाळीस गुण मिळाले. संस्थेत शिक्षिकेची जागा अजून निघालेली नाही. निघेल तेव्हा पाहू, असे म्हणतात. ती पूर्वीप्रमाणे मदतनीस म्हणून जाते आणि घरी शिवते. मशीन तेच आहे, मोटर तेवढी नवी बसवली आहे.

गेल्या महिन्यात ती पुन्हा सभागृहाच्या दाराशी आली. बारावीलाही सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो याची चौकशी ती करून आली होती. बारावीला गणित घेतलेच पाहिजे असे नाही, हे मी तिला सांगणार होतो. सांगितले नाही. कोणते विषय घेणार, एवढेच विचारले, आणि तिने पिशवीतून यादी काढली.